लाकूडकामातील स्क्रू : घडणीचे कसब आणि निवडीचे कसब

१. प्रश्नाचे स्वरूप

यंत्र आले म्हणजे कारागिराचे कसब गेले, हे मत हस्तव्यवसायांच्या इतिहासात आता इतके रूढ झाले आहे की, त्याला पुरावा मागण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. हातमागाच्या इतिहासात या मताला भरपूर आधार सापडतो, हे नाकारता येणार नाही. तथापि एका व्यवसायावरून काढलेला निष्कर्ष सर्व व्यवसायांस लावण्यापूर्वी एखादी लहानशी, नित्याच्या वापरातील वस्तू घेऊन तिच्या इतिहासाच्या कसोटीवर तो तपासून पाहणे इष्ट होय. लाकूडकामात वापरला जाणारा स्क्रू ही अशी एक वस्तू आहे. तिची घडण पूर्णपणे यंत्राच्या स्वाधीन झाली, तिचा वापर मात्र अद्यापही बव्हंशी माणसाच्या हाती राहिला. त्यामुळे घडविणाऱ्याचे कसब व वापरणाऱ्याचे कसब या दोहोंचे पुढे काय झाले, हे तिच्या आधारे वेगवेगळे पाहता येते.

प्रस्तुत विवेचनात असे प्रतिपादन केले आहे की, स्क्रूच्या बाबतीत कसब नष्ट झाले नाही, त्याचे स्थलांतर झाले. अठराव्या शतकापर्यंत ते मुख्यतः स्क्रू घडविण्यात होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर ते स्क्रू निवडण्यात आले. या स्थलांतराचे कारण यंत्राइतकेच लाकडाच्या स्वभावातही शोधावे लागते. यंत्राने लोखंडाचा आकार बदलला. लाकडाचे तंतू, त्याची घनता आणि ओलाव्यानुसार होणारे त्याचे आकुंचन-प्रसरण यांत यंत्राने काहीही बदल केला नाही.

२. मळसूत्र : कल्पना प्राचीन, उपयोग अर्वाचीन

मराठीत 'मळसूत्र' हा शब्द स्क्रूसाठी व त्याच्या नागमोडी वेढ्यांसाठी योजला जातो. वर्तुळाकार चढत जाणाऱ्या जिन्यास 'मळसूत्री' म्हणतात, तेही याच आकारावरून. सुताराच्या बोलीत या वेढ्यांना 'आटे' असा सुटसुटीत शब्द आहे. आट्यांची ही कल्पना फार जुनी आहे. पाणी उपसण्याचे मळसूत्र आर्किमिडीजच्या नावाने ओळखले जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने ऑलिव्ह व द्राक्षे पिळण्याच्या मळसूत्री दाबयंत्राचे, तसेच लाकडाच्या आत आटे पाडण्याच्या हत्याराचे वर्णन केले आहे. त्याचा हा ग्रंथ अरबी भाषांतरातून उपलब्ध झाला.

असे असूनही दोन वस्तू एकमेकींस जोडण्यासाठी मळसूत्राचा सर्रास उपयोग होण्यास मध्ययुगाचा शेवट उजाडावा लागला. दाबयंत्राचे मळसूत्र मोठे आणि लाकडी असे, ते सुतारास कोरता येई. बोटाएवढ्या लोखंडी कांबीवर एकसारखे आटे पाडणे ही गोष्ट वेगळी होती. एका स्क्रूस लागणाऱ्या वेळात लोहाराचे कितीतरी खिळे होत. ज्या वस्तूची किंमत मोठी आणि जी वारंवार उघडावी लागते, तिच्यासाठीच एवढा खर्च परवडणारा होता. म्हणून चिलखते, घड्याळे आणि बंदुकीच्या चापाची यंत्रणा या ठिकाणी स्क्रू प्रथम दिसतात. जर्मनीतील वोल्फेग येथील किल्ल्यात जतन झालेल्या, साधारणतः १४७५ ते १४९० या काळातील सचित्र हस्तलिखितात आटे पाडण्याच्या लेथचे चित्र आहे. खाणी व धातुकाम यांवरील आग्रिकोलाच्या १५५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भात्याची रचना सांगताना खिळ्यांबरोबर स्क्रूही दाखविले आहेत.

या ठिकाणी एक भेद लक्षात घेणे अवश्य आहे. धातूच्या दोन भागांना जोडणाऱ्या स्क्रूस आपल्याजोगते आटे असलेली चाकी किंवा तसेच आटे पाडलेले भोक लागते. लाकडात बसणाऱ्या स्क्रूस यांपैकी कशाचीही गरज नसते. तो लाकडात शिरताना स्वतःच आपली वाट कापतो आणि लाकूडच त्याची चाकी होते. त्याचे बळ अर्धे लोखंडात व अर्धे लाकडात असते. पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे. लाकूड बदलले की तोच स्क्रू निराळ्या बळाचा होतो. आणि म्हणून कारखान्याने कितीही निर्दोष स्क्रू दिला, तरी सांधा निर्दोष होईलच असे नाही.

३. हाताने घडलेला स्क्रू

सतराव्या व अठराव्या शतकांत युरोपात लाकूडकामाचे स्क्रू हातानेच घडत. लोहार तापलेल्या कांबीचा तुकडा ऐरणीवर ठोकून त्याला डोके आणी. त्यानंतर डोक्यावर करवतीने खाच पाडली जाई आणि दांड्यावर कानशीने आटे कोरले जात. इंग्लंडच्या मध्यभागातील बर्मिंगहॅम व स्टॅफर्डशायर या प्रदेशात हा धंदा घरोघरी चाले. कानस चालविणारा हात कितीही सरावलेला असला, तरी दोन स्क्रू तंतोतंत सारखे होत नसत. आट्यांमधील अंतर कमीजास्त असे, खाच मध्यापासून ढळलेली असे, आणि टोक बहुधा बोथट असे.

या बोथट टोकामुळे वापरणाऱ्या सुतारासही कष्ट पडत. असा स्क्रू स्वतःच्या बळाने लाकडात शिरू शकत नाही. सुतार प्रथम गिरमिटाने स्क्रूच्या पूर्ण खोलीइतके भोक पाडी आणि मगच त्यात स्क्रू फिरवी. भोक किती रुंद व किती खोल असावे, हे ठरविताना हातातील विशिष्ट स्क्रू पाहावा लागे, कारण पुढचा स्क्रू त्याहून जाड किंवा आखूड निघण्याचा संभव असे. या काळात निवडीला वाव थोडा होता. जो स्क्रू मिळेल त्यास अनुरूप भोक पाडणे, एवढेच सुताराच्या हाती होते. स्क्रू महाग असल्याने तो बिजागऱ्या, कुलपे आणि मौल्यवान कपाटे यांपुरता वापरला जाई. उरलेले सर्व काम कुसवाचे सांधे, लाकडी खुंट्या, सरस आणि खिळे यांवर भागत असे.

४. वायट बंधूंपासून नेटलफोल्डपर्यंत

स्टॅफर्डशायरमधील जॉब व विल्यम वायट या बंधूंनी १७६० मध्ये लाकूडकामाचे लोखंडी स्क्रू कापण्याच्या सुधारलेल्या पद्धतीचे एकस्व मिळविले. डोक्यास आकार देणे, त्यावर खाच पाडणे आणि दांड्यावर आटे कापणे, अशी कामाची फोड करून प्रत्येक क्रियेस स्वतंत्र यंत्र योजणे, हे त्यांच्या पद्धतीचे मर्म होय. आटे कापणाऱ्या यंत्रात हत्याराची चाल एका नमुन्याच्या मळसूत्राने ठरविलेली असे. त्यामुळे कारागिराच्या नजरेवर ती अवलंबून राहत नसे. भांडवल उभे करण्यात त्यांची अनेक वर्षे गेली. १७७६ च्या सुमारास धान्य दळण्याची एक जुनी पाणचक्की ताब्यात घेऊन त्यांनी तेथे स्क्रूचा कारखाना सुरू केला. त्यांना स्वतःला या उद्योगात यश आले नाही. परंतु त्यांची पद्धत इतरांच्या हाती गेली आणि बर्मिंगहॅमच्या परिसरात यंत्राने स्क्रू करण्याचा धंदा मूळ धरू लागला.

यंत्राने स्क्रू स्वस्त झाले व पुष्कळसे एकसारखे झाले, तरी टोक बोथटच राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या व पाचव्या दशकांत या उणिवेवर अमेरिकेत अनेकांनी प्रयत्न केले. त्यांपैकी टॉमस स्लोन यांच्या १८४६ च्या एकस्वास सर्वांत अधिक महत्त्व प्राप्त झाले. त्यांच्या स्क्रूचे टोक निमुळते असून त्यावरही आटे चढविलेले होते. इंग्रजीत या टोकास गिरमिटाच्या नावाने ओळखतात. 'गिरमिट' हा मराठी शब्द त्याच इंग्रजी नावाचा अपभ्रंश असल्याने येथे 'गिरमिटी टोक' ही संज्ञा योजण्यास हरकत नाही. या नावातच त्या सुधारणेचा अर्थ सामावलेला आहे. जे काम पूर्वी सुताराचे हत्यार करी, त्यातील काही भाग आता स्क्रू स्वतः करू लागला.

या एकस्वाचे ब्रिटनपुरते हक्क जॉन सटन नेटलफोल्ड यांनी १८५४ मध्ये घेतले. त्यासाठी व कारखान्यासाठी लागणाऱ्या ३०,००० पौंडांपैकी १०,००० पौंड त्यांचे मेहुणे जोसेफ चेंबरलेन यांनी दिले आणि या पैशावर देखरेख ठेवण्यासाठी आपल्या त्याच नावाच्या १८ वर्षांच्या मुलास बर्मिंगहॅमला पाठविले. हाच तरुण पुढे १८७३ मध्ये त्या शहराचा महापौर व १८९५ मध्ये ब्रिटिश साम्राज्याचा वसाहतमंत्री झाला. वीस वर्षे स्क्रूचा व्यापार करून १८७४ मध्ये तो धंद्यातून निवृत्त झाला, तेव्हा नेटलफोल्डचा कारखाना ब्रिटनमधील स्क्रूच्या व्यापारात अग्रेसर बनला होता. १९०२ मध्ये ही संस्था गेस्ट व कीन या लोखंड-पोलादाच्या कंपनीत विलीन होऊन 'गेस्ट, कीन अँड नेटलफोल्ड्स' अशी एकत्रित कंपनी झाली.

या वाढीची दुसरी बाजू दृष्टीआड करता येत नाही. घरोघरी कानशीवर आटे कोरणाऱ्या कुटुंबांचा धंदा यंत्रापुढे टिकला नाही आणि लहान कारखानदारांनाही मोठ्या भांडवलापुढे हार खावी लागली. घडविणाऱ्याच्या कसबाविषयी बोलावयाचे, तर प्रारंभी उल्लेखिलेले रूढ मत येथे पूर्णपणे खरे ठरते. ज्यांचे हात बेकार झाले, त्यांना कसब 'दुसरीकडे गेले' या विधानाने काही दिलासा मिळण्याजोगा नव्हता, कारण ते दुसऱ्यांकडे गेले. परंतु इतिहासाचा विचार येथेच थांबविला, तर अर्धाच वृत्तांत हाती लागतो.

५. निवडीचे शास्त्र

कारखान्याने स्क्रूचे आकार निश्चित केल्यावर सुतारापुढे प्रथमच खरी निवड उभी राहिली. पूर्वी 'हा स्क्रू कसा बसवावा' एवढाच प्रश्न होता; आता 'शेकडो स्क्रूंपैकी कोणता घ्यावा' असा प्रश्न निर्माण झाला. लांबी, जाडी, डोके आणि धातू या चार अंगांनी त्याचे उत्तर द्यावे लागते.

जाडीसाठी व्यापारात क्रमांक रूढ झाले. अमेरिकन पद्धतीत शून्य क्रमांकाच्या स्क्रूचा दांडा ०.०६० इंच जाड धरतात आणि प्रत्येक पुढील क्रमांकास त्यात ०.०१३ इंच मिळवितात. या हिशेबाने ८ क्रमांकाचा स्क्रू ०.१६४ इंच, म्हणजे सुमारे ४.२ मिलिमीटर जाड होतो. परंपरागत स्क्रूत एकूण लांबीच्या सुमारे दोन-तृतीयांश भागावर आटे असतात व डोक्याजवळचा एक-तृतीयांश भाग गुळगुळीत असतो. ही विभागणी सहेतुक आहे. वरची फळी गुळगुळीत भागाभोवती मोकळी राहावी आणि आट्यांनी फक्त खालचे लाकूड धरावे, असा तिचा उद्देश आहे. आटे दोन्ही फळ्यांत रुतले, तर त्यांच्यामधील फट स्क्रू कितीही आवळला तरी मिटत नाही, कारण स्क्रू दोघींना आहे त्याच अंतरावर धरून ठेवतो. म्हणून वरच्या फळीतील भोक दांड्याहून किंचित मोठे असावे लागते. स्क्रूची लांबी वरच्या फळीच्या जाडीच्या सुमारे तिप्पट असावी, हा सुतारांचा ठोकताळाही याच तत्त्वावर आधारलेला आहे.

खालच्या लाकडातील भोकाचा नियम निराळा आहे. अमेरिकेतील मॅडिसन येथील वनोत्पादन प्रयोगशाळेने याविषयी दीर्घकाळ प्रयोग केले. तिच्या शिफारशीनुसार आट्यांच्या बुडाशी स्क्रूची जी जाडी असते, तिच्या सुमारे ७० टक्के व्यासाचे भोक मऊ लाकडास व सुमारे ९० टक्के व्यासाचे भोक कठीण लाकडास योग्य होय. ८ क्रमांकाच्या स्क्रूची बुडाची जाडी दांड्याच्या दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारे २.८ मिलिमीटर धरली, तर मऊ लाकडात २ आणि कठीण लाकडात २.५ मिलिमीटरचे भोक येते. मऊ लाकूड दाबले जाऊन जागा देते, कठीण लाकूड जागा देत नाही, ते फाटते. हा साधा अनुभव त्या आकड्यांत नेमका झालेला दिसतो. गिरमिटी टोकामुळे भोकाची गरज संपली, असा समज त्या टोकाबरोबरच पसरला. मऊ व पातळ लाकडात तो काही अंशी खराही आहे. परंतु सागवान, शिसव यांसारख्या लाकडात भोकाशिवाय स्क्रू फिरविल्यास फळीला चीर जाते किंवा स्क्रूचे डोके तुटते. टोकाने सुरुवात सुलभ केली. पुढील मार्ग पूर्वीइतकाच लाकडाच्या स्वाधीन राहिला.

याच प्रयोगांतून स्क्रूच्या पकडीचे एक सूत्र निष्पन्न झाले आहे. लाकडात रुतलेला स्क्रू उपटण्यास लागणारा जोर स्क्रूच्या जाडीच्या व रुतलेल्या आट्यांच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो. परंतु लाकडाच्या विशिष्ट गुरुत्वाच्या तो वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एका लाकडाचे विशिष्ट गुरुत्व ०.४ व दुसऱ्याचे ०.६ असेल, तर दुसरे दीडपट भारी असूनही त्यातील पकड सव्वादोनपट होते. स्क्रूच्या इतिहासाच्या दृष्टीने या सूत्राचे महत्त्व मोठे आहे. कारखान्यात ठरणाऱ्या गोष्टी सरळ प्रमाणात परिणाम करतात आणि सुताराने निवडावयाची गोष्ट, म्हणजे लाकूड, वर्गाच्या प्रमाणात परिणाम करते. सांध्याचे भवितव्य कारखान्यापेक्षा सुताराच्या निर्णयावर अधिक अवलंबून आहे, याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

लाकडाच्या तंतूंची दिशाही अशीच निर्णायक ठरते. तंतूंना आडवा शिरणारा स्क्रू त्यांना कापून त्यांच्यामध्ये अडकतो. फळीच्या टोकाकडून, तंतूंच्या दिशेने शिरणाऱ्या स्क्रूची पकड सरासरीने आडव्या पकडीच्या सुमारे तीन-चतुर्थांश एवढीच राहते आणि तीही भरवशाची नसते. शिवाय लाकूड ओलाव्याने तंतूंच्या दिशेने जवळजवळ मुळीच वाढत नाही, पण त्यांना आडवे मात्र लक्षणीय वाढते. रुंद मेजाचा पृष्ठभाग चौकटीस स्क्रूने घट्ट आवळल्यास पावसाळा-उन्हाळ्याच्या फेऱ्यात तो वाकतो किंवा तडकतो. म्हणून जाणता सुतार चौकटीतील भोक लांबट पाडतो. स्क्रू पृष्ठभागास खाली धरतो, पण त्यास आडवे सरकण्यास मोकळीक ठेवतो. खुंटीच्या व कुसवाच्या सांध्यांत ही मोकळीक परंपरेने राखली जात होती. स्क्रूच्या ताठरपणामुळे ती विचारपूर्वक निर्माण करावी लागली.

डोक्याची निवड सांध्याच्या कार्यावरून ठरते. पृष्ठभागाशी सपाट बसावे, अशा ठिकाणी निमुळत्या बुडाचे चपटे डोके योजतात व त्यासाठी भोकाचे तोंड पसरट करून घेतात. बिजागरीच्या पत्र्यात तशी पसरट जागा आधीच केलेली असते. पातळ पत्रा लाकडास जोडावयाचा असेल, तर खालून सपाट असलेले गोल डोके योग्य, कारण ते पत्र्यास सर्व बाजूंनी दाबते. चपटे डोके तेथे पाचरीसारखे काम करून पत्रा वाकविते.

राहता राहिला धातू. ओकसारख्या टॅनिनयुक्त लाकडात लोखंडी स्क्रूभोवती काळे डाग पडतात व कालांतराने स्क्रू झिजतो. म्हणून तेथे पितळी स्क्रू वापरण्याचा प्रघात आहे. पितळ गंजत नाही, परंतु ते मऊ असल्यामुळे कठीण लाकडात फिरविताना पिळून तुटते. यावर कारागिरांनी काढलेला उपाय असा, की त्याच मापाचा पोलादी स्क्रू प्रथम फिरवून आट्यांची वाट करून घ्यावी, तो काढावा आणि मग पितळी स्क्रू बसवावा. स्क्रूवर साबण किंवा मेण चोळण्याची जुनी पद्धतही अशीच आहे. त्यामुळे पकड सैल होते, अशी शंका घेतली जाते. परंतु उपर्युक्त प्रयोगशाळेच्या निष्कर्षानुसार पकडीवर त्याचा परिणाम नगण्य असतो आणि फिरविण्याचे श्रम मात्र वाचतात.

६. डोक्यावरील खाच व नवे कारखाने

विसाव्या शतकात सुधारणेचा रोख टोकाकडून डोक्याकडे वळला. सरळ खाचेतून पेचकस निसटतो, हात जखमी होतो व वस्तूवर ओरखडा उठतो. कॅनडातील पीटर रॉबर्टसन यांनी १९०८ च्या सुमारास चौकोनी खळगा असलेल्या डोक्याचा स्क्रू सिद्ध केला व ओंटारिओ प्रांतातील मिल्टन येथे त्याचा कारखाना काढला. अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांनी १९३६ मध्ये अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचे एकस्व मिळविले; अमेरिकन स्क्रू कंपनीने त्याचे उत्पादन हाती घेतले आणि मोटारींच्या कारखान्यांतून त्याचा प्रसार झाला. चौकोनी खळग्यात हत्यार अधिक घट्ट बसते, असे असूनही जगात फिलिप्सची खाच अधिक पसरली. वस्तूचा प्रसार तिच्या गुणांइतकाच परवान्यांचे करार व मोठ्या ग्राहकांची पसंती यांवर ठरतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

नंतरच्या दशकांत लाकडाच्या भुशापासून व चिपांपासून केलेल्या दाबीव फळ्या आणि विजेवर फिरणारे पेचकस यांमुळे स्क्रूचा आकार पुन्हा बदलला. निमुळत्या दांड्याचा जुना स्क्रू अशा फळीत पाचरीप्रमाणे शिरून तिचे थर फोडतो. म्हणून एकसारख्या जाडीच्या बारीक दांड्याचे, उंच व तीक्ष्ण आट्यांचे स्क्रू आले. सुतारापुढील पर्याय त्यामुळे कमी न होता वाढले. दाबीव फळीचा स्क्रू सागवानात व सागवानाचा स्क्रू दाबीव फळीत वापरला, तर दोन्ही ठिकाणी सांधा फसतो.

७. महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रातील वाड्यांचे लाकूडकाम कुसवाच्या सांध्यांवर उभे होते. खांब, तुळई व चौकटी यांना स्क्रूची गरज नव्हती. बिजागऱ्या, कुलपे व पाश्चात्त्य धर्तीच्या सामानाबरोबर कारखान्यातील स्क्रूचा वापर येथे वाढत गेला. विसाव्या शतकात हावडा येथे कारखाना असलेल्या गेस्ट कीन विल्यम्स या कंपनीचे स्क्रू भारतीय बाजारपेठेत परिचित होते व 'नेटलफोल्ड' हे बर्मिंगहॅमचे नाव त्यांच्याबरोबर येथेही रुळले. स्क्रू ग्रोसच्या, म्हणजे १४४ नगांच्या हिशेबाने विकण्याची रीत, तसेच इंचातील लांबी व जाडीचा क्रमांक सांगण्याची पद्धत याच व्यापारातून आली. भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती स्वीकारली गेल्यावर स्क्रूची राष्ट्रीय मानके मिलिमीटरमध्ये आखली गेली. दुकानातील बोली मात्र पुष्कळ ठिकाणी इंच व क्रमांक यांनाच चिकटून राहिली.

कोकण किनाऱ्यावर या निवडीस आणखी एक परिमाण लाभते. खारट दमट हवेत साधा लोखंडी स्क्रू लवकर गंजतो, त्याच्या गंजाने भोवतालचे लाकूडही कमकुवत होते आणि दुरुस्तीच्या वेळी डोक्यावरील खाच झडून गेल्याने तो निघत नाही. जो गुण खिळ्यापेक्षा स्क्रू श्रेष्ठ ठरवितो, म्हणजे सांधा न मोडता उघडता येणे, तोच अशा वेळी नाहीसा होतो. तेथे पितळी, जस्ताचा मुलामा दिलेला किंवा न गंजणाऱ्या पोलादाचा स्क्रू घेणे आणि त्यास मेण लावणे, ही दूरदृष्टीची बाब ठरते. पन्नास वर्षांनंतर कोणा दुसऱ्या सुतारास तो सांधा उघडावा लागेल, हे गृहीत धरून केलेली ती निवड असते.

८. इतिहासाचे साधन म्हणून स्क्रू

जुन्या लाकडी वस्तूंचा काळ ठरविताना संग्रहालयांतील अभ्यासक स्क्रूकडे आवर्जून पाहतात. विषम आटे, ढळलेली खाच व बोथट टोक हे हाताने केलेल्या स्क्रूचे विशेष होत. एकसारखे आटे पण बोथट टोक हे आरंभीच्या यंत्रयुगाचे लक्षण आहे. यंत्राने केलेले नियमित गिरमिटी टोक आढळल्यास तो स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचा नाही, असे अनुमान निघते.

तथापि या अनुमानाची मर्यादा विद्यार्थ्याने नीट ध्यानात ठेवली पाहिजे. स्क्रूचा काळ हा वस्तूचा काळ नव्हे. स्क्रू काढता येतो, म्हणूनच तो बदलताही येतो. जुन्या कपाटातील नवा स्क्रू केवळ दुरुस्तीचा साक्षी असू शकतो आणि नव्या कपाटात जुन्या साठ्यातील स्क्रू मुद्दाम बसविलेलाही असू शकतो. याखेरीज हाताने टोक काढलेले काही स्क्रू १८४६ पूर्वीही केले गेले. म्हणून केवळ टोकावरून निर्णय न देता टोक, आटे व खाच या तिन्हींची एकवाक्यता पाहावी लागते. स्क्रूपेक्षा त्याचे भोक अधिक विश्वासार्ह बोलते. बोथट स्क्रूसाठी पाडलेल्या सरळ व खोल भोकात टोकदार स्क्रू सापडला, तर मूळ स्क्रू बदलला गेल्याची शक्यता बळावते. एखादे भोक दोनदा रुंद केलेले असेल, तर सांधा किमान दोनदा उघडला गेला असावा. कागदोपत्री पुराव्यास जी अंतर्गत चिकित्सा लावली जाते, तीच लोखंडाच्या या लहानशा तुकड्यासही लावावी लागते.

९. समारोप

स्क्रूच्या या इतिहासावरून प्रारंभीच्या मतात एक दुरुस्ती सुचते. यंत्राने स्क्रू घडविणाऱ्याचे कसब हिरावून घेतले, हे खरे. परंतु त्याच यंत्राने वापरणाऱ्यावर निर्णयाचा असा भार टाकला, जो कानशीच्या युगातील सुतारास माहीत नव्हता. पूर्वी एकमेव उपलब्ध स्क्रूस अनुसरून हात चालवावा लागे. पुढे लाकूड, तंतू, ओलावा, हवा आणि भावी दुरुस्ती यांचा विचार करून शेकडो स्क्रूंतून एक निवडावा लागला. हे कसब डोळ्यांना दिसत नाही. ते आट्यांप्रमाणे लाकडाच्या आत दडलेले असते, आणि सांधा सैल झाला किंवा फळी तडकली म्हणजेच त्याचा अभाव जाणवतो. म्हणूनच औद्योगिकीकरणाच्या इतिहासात त्याची नोंद कमी झाली असावी. कारखान्यांच्या दप्तरांत किती ग्रोस स्क्रू तयार झाले याचे आकडे मिळतात. ते किती योग्य रीतीने बसविले गेले, याचे दप्तर कोठेही ठेवलेले नाही. ते जुन्या दारांत, पेट्यांत आणि कपाटांत विखुरलेले आहे. हस्तव्यवसायाच्या अभ्यासकाने आपल्या साधनांच्या यादीत कागदांच्या जोडीस या वस्तूंचाही समावेश करणे म्हणूनच अगत्याचे आहे.